रेघ पाण्याची, रंग स्पिरिटचा

चिमणीच्या चोचीभोवती काळपट ओघळ पसरला होता, जेवताना तोंड माखून घेतलेल्या पोरासारखा. मी कार्ड खिडकीशी नेलं, तिरकं धरून पाहिलं, बोटानं हलकेच पुसून पाहिलं. वाळलेलं होतं. म्हणजे हात लागून फिसकटलेलं नव्हतं. रंग भरतानाच रेघ विरघळली होती. आईच्या हातून असं होत नाही. निदान मी कधी पाहिलं नव्हतं.

"आई, हे काय झालंय?"

"कुठे काय? मुद्दाम ओलसर केलीय जरा. आंघोळ करून आल्यासारखी दिसते ना? हल्ली असंच आवडतं लोकांना."

"हल्ली म्हणजे कधीपासून?"

"अगं, एकेका बाईला पोर झालं की सगळ्यातच खोट दिसायला लागते," आई म्हणाली आणि मुंगीच्या तोंडातून शिक्क्याचा लाकडी दांडा काढून घेतला. "हे खायचं नसतं, राणी. यानं ठप्पा मारायचा असतो. ठप्प!"

"थप्प," मुंगी म्हणाली.

मुंगी म्हणजे माझी मुलगी. चालायला लागल्यापासून पलंगाखाली, कपाटामागे, जिथे फट सापडेल तिथे शिरते आणि मिळेल ते तोंडात घालते, म्हणून आजीनंच ठेवलेलं नाव. येत्या सोमवारपासून ती दिवसभर आजीकडे राहणार होती आणि मी पुन्हा कामावर रुजू होणार होते. औषधांच्या कारखान्यात तपासणी विभाग. तिथल्या मॅडमनी माझी जागा धरून ठेवली होती. या सोमवारी नाही आलीस तर मग राहू दे, असं त्यांनी गोड आवाजात सांगितलंही होतं. म्हणून हा आठवडा रंगीत तालमीचा. मी सकाळी मुंगीला घेऊन आईकडे यायचे, तिच्या हवाली करायचे आणि स्वतः आतल्या खोलीत पुस्तकं घेऊन बसायचे. बसायचे म्हणजे कान दाराला लावून बसायचे.

आईचं घर तसं वहिनीचंच. दादाची फिरतीची नोकरी, तो महिन्यातून थोडेच दिवस घरी असतो. वहिनी टेलिफोन कंपनीच्या काउंटरवर बसते. दिवसभर घरात आई आणि तिचं टेबल. त्या टेबलावर रबराचे शिक्के, शाईच्या गाद्या, जाड कागदांचे गठ्ठे, कात्र्या, पेनं. वाढदिवसाची कार्डं, निरोपाची, लवकर बरे व्हा म्हणणारी. मी या टेबलाखाली अभ्यास केलाय. त्यामुळे इतरांना ज्या चिमणीचं कौतुक वाटलं असतं, तिच्यात मला काय दिसलं ते सांगायलाच हवं.

आईचा नियम एकच होता: रेघ आणि रंग एका जातीचे नकोत. शिक्क्याची रेघ पाण्याच्या शाईनं उमटवली असेल तर आत स्पिरिटचे पेन फिरवायचे. ब्रशनं पाण्याचे रंग भरायचे असतील तर रेघ स्पिरिटच्या शाईची हवी. उलट केलंत की रेघ पाझरते आणि रंगाला काळं फासते. तिसरी असते ती दाट शाई. ती लवकर वाळत नाही, म्हणूनच तिच्यावर पावडर भुरभुरून गरम हवेनं वितळवली की चकचकीत उठावाची अक्षरं तयार होतात. तिन्ही काळ्या. तिन्ही डोळ्यांना सारख्या. आई त्या शिक्केवाल्याकडून सुट्या आणते आणि एकसारख्या बाटल्यांत भरते. लेबलं लावून काय उपयोग, म्हणते, शाईचे हात लागून आठवड्यात तीच काळी होतात.

मग ओळखायच्या कशा? नाकानं. स्पिरिटची शाई बूच काढताच मेंदूत जाते. दाट शाईला विझलेल्या मेणबत्तीचा वास असतो. पाण्याच्या शाईला म्हटलं तर काहीच नाही. आई बाटली नाकाखालून नुसती फिरवायची आणि जागेवर ठेवायची. शिक्केवाला म्हणायचा, काकूंना फसवायची माझी छाती नाही.

संध्याकाळी मी नवऱ्याला चिमणीबद्दल सांगितलं.

"मग?" तो म्हणाला.

"मग काय? आईनं चूक केली."

"अगं, चोच पसरली म्हणून पोरगी ठेवायची नाही का? तुझ्या तपासणी विभागाला म्हणावं, बाईला घरच्या घरीच पगार द्या."

तो हसला. मीही हसले. त्याचं चुकत नव्हतं. विजेच्या प्लगांच्या भोकांना झाकणं लावणारी, कपाटांच्या कोपऱ्यांना स्पंज चिकटवणारी, पाव चिरून त्यात काही अडकलंय का बघणारी बाई म्हणून मी दोन्ही घरांत नाव कमावलेलं आहे. अशा बाईला खरंच काही दिसलं, तरी ते तिचं नेहमीचंच असतं.

दुसऱ्या दिवशी आई राखाडी रंग कालवत होती. तिच्याकडे विकतचा राखाडी कधीच नसायचा. काळ्याचे थेंब, निळ्याचा एखादा, पांढरा जरासा, चिनी मातीच्या बशीत ढवळायचे आणि कोऱ्या गादीवर पसरायचे. मात्र एका जातीची शाई दुसऱ्या जातीत घालायची नाही. मी पाणी प्यायला आले तर ती बशीकडे बघत बसली होती. बशीतल्या शाईत गुठळ्या झाल्या होत्या. दूध नासल्यावर जसं चोथा एकीकडे आणि पाणी एकीकडे, तसं.

"फाटली," मी म्हणाले.

"शिक्केवाल्यानं भेसळ केली असणार. आता त्याच्यावर भरवसा नाही राहिला."

"तू वास नव्हता घेतलास?"

"घेतला तर!" ती इतक्या झटकन म्हणाली, की मला लहानपणचं माझंच 'दात घासले तर!' आठवलं. तिनं बशी उचलून बेसिनमध्ये रिकामी केली आणि नळ मोठा सोडला. मुंगी टाळ्या वाजवत होती. काळं पाणी तिला फार आवडलं.

गुरुवारी फुलवाला आला. कोपऱ्यावर त्याचं दुकान आहे, गुच्छाला बांधायची छोटी कार्डं तो आईकडूनच घेतो. फुलांवर पाणी मारतात म्हणून ती कार्डं गुळगुळीत, चकचकीत कागदाची. त्या कागदावर फक्त स्पिरिटची शाई वाळते. बाकीच्या नुसत्या वर बसून राहतात, पाहुण्यासारख्या.

त्यानं गठ्ठा टेबलावर ठेवला आणि दोन्ही हात पसरून दाखवले. बोटं काळी.

"काकू, मी मतदान करून आलो बघा. दहाही बोटांनी."

"अरे देवा," आई म्हणाली.

"पांढऱ्या फुलांचा गुच्छ होता. बाईनं हातात घेतला, मग गाल पुसला. आता त्या म्हणतात, दवाखान्यात भेटायला गेले तर पेशंटच मला विचारायला लागला, तुम्हाला काय झालं?"

मी हसले नाही. आई हसली, जरा जास्तच. "हवा दमट आहे रे. वाळतील. पंख्याखाली ठेव."

"काकू, परवापासून पंख्याखालीच आहेत. आता पंखा काळा व्हायचा राहिलाय."

तो वाईट माणूस नाही. "नवीन करून द्या, घाई नाही," म्हणून गेला. तो गेल्यावर आईनं बाटल्यांची रांग पुढे ओढली. एक उचलली, बूच काढलं, नाकाखालून फिरवली, मान हलवली. दुसरी उचलली. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. तिला वाटत होतं मी मुंगीकडे बघतेय. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. स्पिरिटच्या शाईचं बूच निघालं की माणसाच्या डोळ्यांच्या कडा आपोआप आकसतात, कितीही सवय असली तरी. मी दारातून तो वास घेत होते. आईच्या चेहऱ्यावरची एक रेषही हलली नाही. तिनं मान हलवली आणि ती बाटली बाजूला सारली. मग शेजारची, वास नसलेली, गादीवर ओतली.

"हीच ती," मुंगीला म्हणाली.

मी तेव्हाच बोलायला हवं होतं, असं नंतर सगळे म्हणाले. बोलून काय झालं असतं? 'घेतला तर!' झालं असतं. आईला खोटं पाडायला माझ्याकडे होतं काय, एक चिमणी, एक बशी आणि फुलवाल्याची बोटं. तिच्याकडे सगळ्यांना पटेल अशी एकच गोष्ट होती: माझा स्वभाव.

शुक्रवारी मी मुंगीला न्हाणीत घेऊन गेले होते. साबण लावता लावता मला करपल्याचा वास आला. आधी वाटलं खालून कुणाच्या घरातून असेल. मग तो दाट झाला. मी मुंगीला तशीच फेसासकट काखोटीला मारून धावले. आई टेबलाशी नव्हती. गरम हवेचं यंत्र टेबलावर आडवं, चालूच, आणि त्याचं तोंड कागदांच्या गठ्ठ्याकडे. वरचे कागद तपकिरी होऊन कडेला वळले होते, मधून धुराची बारीक दोरी निघत होती. आणि आई त्यांच्याकडे पाठ करून खिडकीतून खालच्या रस्त्यावर कुणाशी तरी बोलत होती, हसत हसत.

मी यंत्राची पिन ओढली. गठ्ठ्यावर ओला टॉवेल टाकला.

आई वळली. "काय झालं? ती ओली का आहे अशी?"

धूर तिच्या आणि माझ्या मधोमध होता. तो दिसल्यावर ती म्हणाली, "अगं बाई, बंद करायचं राहिलं वाटतं." विसरणं कुणाचंही होतं. मीही इस्त्री चालू ठेवून दूध आणायला गेलेली बाई आहे. पण खोलीत श्वास घेववत नव्हता आणि ती विचारत होती, काय झालं.

मुंगीच्या डोळ्यात साबण गेला होता. ती रडत होती. मी तिच्या पाठीवर पाणी ओतत होते आणि डोक्यात एकच चालू होतं: स्वयंपाकघरात गॅस आहे. ही बाई आणि हे पोर. दार बंद. मी कारखान्यात, पांढरा कोट घालून, दुसऱ्यांच्या बाटल्या तपासत.

शनिवारी वहिनीला सुट्टी असते. मी मुद्दाम शनिवार धरला असं ती म्हणते. नाही. सोमवार आला होता म्हणून शनिवार धरला.

घरून निघण्याआधी मी औषधाची रिकामी बाटली उकळत्या पाण्यात धुतली, तिचाच वास राहू नये म्हणून. तिच्यात नळाचं पाणी भरलं. मुंगीच्या रंगपेटीतला काळा तुकडा त्यात घोळवला. छान काळं झालं. माझं काम आहे ते. नमुना कसा बनवायचा मला कळतं.

आई टेबलाशी होती, मुंगी तिच्या मांडीवर. फुलवाल्याच्या नव्या कार्डांची जुळवाजुळव चालू होती.

"शिक्केवाला भेटला होता वाटेत," मी म्हणाले. "नवीन माल आलाय म्हणे. स्पिरिटची. जरा कडक आहे, काकूंना विचारा चालेल का, म्हणाला."

आईनं बाटली घेतली. बूच काढलं. नाकाशी नेली. आणि मान झटकन मागे घेतली, डोळे बारीक केले, तोंड वाकडं केलं.

"अगं बाई गं! केवढी उग्र! डोक्यात गेली नुसती!" आणि दुसऱ्या हातानं तिनं मुंगीचं नाक झाकलं. "हिला आधी लांब घे. बाळाच्या छातीत जाईल."

मुंगीला तो खेळ वाटला. तिनं आजीचा हात काढला आणि पुन्हा आपल्याच नाकावर ठेवून घेतला.

मला वाटलं होतं ती अडखळेल. म्हणेल, काही कळत नाहीये गं. एवढं म्हणाली असती तरी मी बाटली गुपचूप परत घेतली असती आणि आम्ही दोघी बसून बोललो असतो. पण तिनं वास घेऊन दाखवला. इतका हुबेहूब, की क्षणभर मलाच वाटलं बाटली बदलली का काय.

"आई, ते पाणी आहे."

"काय?"

"पाणी आहे. नळाचं. मुंगीच्या पेटीतला रंग घातलाय त्यात."

आई बाटलीकडे बघत राहिली. तिनं बूच लावलं, घट्ट, पुन्हा एकदा फिरवून, जणू त्यातून काही उडून जाणार होतं. मुंगी "पुन्ना, पुन्ना" करत तिचा हात नाकाकडे ओढत होती.

"कधीपासून?" मी विचारलं.

उत्तर दारातून आलं. "गेल्या तापापासून."

वहिनी कपड्यांची बादली घेऊन उभी होती. तिनं ती खाली ठेवली.

"तुला माहीत होतं?"

"मला माहीत होतं. आमटीत दोनदा मीठ पडायला लागलं तेव्हा विचारलं मी त्यांना. विचारलं, ताई. तोंडानं. बाटल्या नाही भरल्या."

वहिनी मला एरवी ताई म्हणते. पुढे ती वन्सं म्हणाली. रागावली की ती नात्याची सगळी झूल अंगावर चढवते.

"डॉक्टरांकडेही नेऊन आणलं. ते म्हणाले, येईल परत, नाही आलं तर नाही. मग आम्ही बसून ठरवलंय सगळं, वन्सं. मी सकाळी मुंगीचं जेवण करून जाणार होते. गॅसचा खटका सिलिंडरपाशीच बंद करून. दुपारच्या सुट्टीत घरी येणार होते. रिक्षानं. शेजारच्या आजोबांकडे किल्ली देऊन ठेवली. विजेची शेगडी सांगितलीय, मंगळवारी येतेय. आणखी काय हवं होतं तुम्हाला?"

"मला सांगायला हवं होतं."

"सांगितलं असतं तर ठेवली असतीत?"

नसती ठेवली.

"म्हणून मीच म्हटलं तिला, नको सांगूस," आई म्हणाली. वहिनी आल्यापासून पहिल्यांदाच बोलली, आणि आवाज अगदी साधा होता, भाजी काय आणायची विचारावं तसा. "तू घरात बसून कशी झालीस ते मी बघत होते ना. पावात सुई शोधतेस. म्हटलं कामावर गेली की बरी होईल. पोरीला तर मी डोळ्याआड होऊ देत नाही. लंगोट काय वासानं बदलतात? हात लावला की कळतं."

"आणि काल? काल कागद जळत होते, आई. धूर होता खोलीत."

आईनं बाटली टेबलावर ठेवली. वहिनीनं तिच्याकडे पाहिलं. हे मात्र वहिनीला माहीत नव्हतं.

"कुठले कागद?" वहिनीनं विचारलं.

"जरा कडा करपल्या," आई म्हणाली. "लगेच विझवलं."

"मी विझवलं," मी म्हणाले. "अंगाला फेस लागलेलं पोर काखेत घेऊन."

वहिनी खुर्चीत बसली. त्या क्षणी मी जिंकले होते. हे मी सांगतेय कारण मला ते जाणवलं, अगदी स्वच्छ, वर्गात उत्तर बरोबर आल्यासारखं. माझं बरोबर होतं. पहिल्या चिमणीपासून बरोबर होतं. दोन्ही घरांनी मला वेड्यात काढलं होतं आणि मी बरोबर होते.

"सांगितलं नाहीत तुम्ही मला," वहिनी आईला म्हणाली.

"काय काय सांगू? नाक गेलं सांगितलं. आता डोकंही गेलं म्हणून सांगू? मग तूही किल्ल्या काढून घेशील."

"असं कोण म्हणालं?"

"कुणी म्हणत नाही गं. बाटल्या भरतात."

मी मुंगीला उचलायला हात पुढे केले. आईनं ती लगेच दिली. धरून ठेवली नाही, मुका घेतला नाही, काही नाही. तिच्या बोटाला लागलेली शाई आपल्या कपड्याला पुसली आणि दिली. मुंगी माझ्या खांद्यावरून आजीकडे वाकून "थप्प" म्हणत होती.

"मी चकचकीत कागदाचं आज करून टाकते," आई वहिनीला म्हणाली, मी तिथे नसल्यासारखी. "तू जरा बाटल्या हुंगून देतेस का? एकेकीवर चिठ्ठी लाव. मोठ्या अक्षरात."

वहिनी उठली. चिठ्ठ्या कापल्या. एकेक बूच काढून नाकाशी नेलं, पहिल्याच बाटलीला शिंकली. 'पाणी', 'स्पिरिट', 'दाट', असं मोठं मोठं लिहून वर चिकटपट्टी लावली, शाईचा हात लागला तरी पुसून घेता येईल अशी. कितीसं काम होतं ते? मी निघेपर्यंत झालंसुद्धा. आई चष्मा लावून पहिल्या दिवशीच्या शिकाऊ मुलीसारखी बाटल्या वाचत होती आणि ओठ हलत होते. मी दारात चप्पल घालत असताना तिनं चकचकीत कागदावर शिक्का मारला, बोट फिरवून पाहिलं. बोट कोरं राहिलं.

कुणी मला थांब म्हणालं नाही.

घरी नवरा म्हणाला, "बरोबर केलंस." मग बराच वेळ पेपर वाचून म्हणाला, "पण पाणी भरायची काय गरज होती?"

"तुला सांगितलं होतं मी. चिमणीचं."

"हो, पण पाणी..."

रविवारी दिवसभर आम्ही पाळणाघरं फिरलो. एकाच्या जिन्याला कठडा नव्हता. एकात पोरं टीव्हीसमोर मांडून ठेवली होती, दुकानातल्या बरण्यांसारखी. तिसरं कारखान्याच्या वाटेवरचं, स्वच्छ, भिंतीला ससे रंगवलेले. चालवणाऱ्या बाईंचं बोलणं गोड आणि उत्तरं भराभर. फाटकाला कडी होती, औषधं उंचावर होती, प्लगांच्या भोकांना झाकणं होती. सगळं बघून घेतलं. नवऱ्यानं नंतर विचारलं, आता तरी समाधान झालं का, आणि मी हो म्हणाले.

सोमवारी मुंगीला तिथे सोडताना ती रडली नाही. तिनं इकडे तिकडे पाहिलं आणि विचारलं, "आज्जी?" बाई म्हणाल्या, "मी पण आजीच आहे की." मुंगीनं त्यांच्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की ती माझीच पोरगी आहे याबद्दल मला शंका उरली नाही.

मॅडम म्हणाल्या, "ये, ये, वाट बघत होतो." माझ्या टेबलावर नमुन्यांची रांग लावून ठेवली होती. दुपारपर्यंत मी मान वर केली नाही. कामात हात बसायला वेळ लागला नाही, त्याचंच वाईट वाटलं.

जेवणाच्या सुट्टीत मी आईला फोन केला. फार वेळ वाजला. वहिनी दुपारी घरी यायची होती. आता तिला यायचं काही कारण नव्हतं.

"हॅलो," आई म्हणाली.

"मी बोलतेय."

"हं. झाली का हजर?"

"झाले. तू जेवलीस?"

"जेवले. पोटाला कळतं अजून."

मागे रस्त्यावरचा आवाज येत होता. ती खिडकीशी उभी असणार.

"मुंगीला पाळणाघरात ठेवलं," मी म्हणाले. "चांगलं आहे. बाई पण चांगल्या आहेत."

"बघून घेतलंस ना सगळं?"

"सगळं. औषधं कुठे ठेवतात, फाटक लागतं का, जिना, स्वयंपाकघर..."

"आणि त्या बाईला वास येतो का, ते बघितलंस?"

बघितलं नव्हतं. तिथे स्वयंपाकघरात गॅसच होता, ओट्याखाली, निळ्या पडद्याआड. तो पडदा मी हातानं सरकवून पाहिला होता, आणि बाईंना फाटकाबद्दल विचारलं होतं.

"एक बाटली भरून घेऊन जा," आई म्हणाली आणि फोन ठेवला.

मी पुन्हा लावला. तिनं उचलला नाही. सुट्टी संपायला अजून थोडा वेळ होता. मी पांढरा कोट खुर्चीवर टाकला, पर्स घेतली, आणि मॅडमच्या दारावरून जाताना त्यांनी "कुठे?" म्हणून विचारलं, तेव्हा आईकडे की पाळणाघरात, ते मला सांगता येईना.